आडनावात अडकलेली सोलं

२०२४ च्या चवथीला दोन दिवस असताना पणजीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने माझं सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, पाकीट हातात घेतलं, नाकाशी धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्याच पिशवीत घातलं. "माल बरो आसा. पूण नंबर खंय?" नंबर म्हणजे अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मला वाटलं फोन नंबर मागतोय. मी दिला.

तिथपासून परवा त्याच दुकानात पन्नास पाकिटं ठेवून येईपर्यंत नऊ महिने गेले. या नऊ महिन्यांत कुठे काय लागलं, किती पैसे गेले आणि कुठे मी स्वतःच माती खाल्ली ते लिहून ठेवते. आमच्या गोव्यातल्या सत्तरी, पेडणे, काणकोण या तालुक्यांतल्या कितीतरी जणी घरी सोलं, आगळ (कोकमाचा खारट रस), फणसाची साटं, लोणची करतात आणि ओळखीपाळखीत विकतात. त्यांनी "सरकारी कामं आमच्याच्यानं होत नाहीत" म्हणून मागे राहू नये, एवढ्यासाठी.

आमच्या कुळागरात, म्हणजे बागेत, रातांब्याची (कोकमाची) चौदा झाडं आहेत. आम्ही त्याला भिंडां म्हणतो. एप्रिल-मेमध्ये फळ येतं, सासूबाई आणि मी ते फोडतो, साली मिठाच्या रसात बुडवून अंगणात वाळत घालतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा वाळवतो. पावसाच्या आधी सगळं बरणीत गेलं पाहिजे. सासूबाईंचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पावस कोणाखातीर रावना." पाऊस कोणासाठी थांबत नाही. हे वाक्य पुढे मला बँकेत बसल्या बसल्या शंभर वेळा आठवलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार. वाळपईहून सकाळची कदंब बस धरली आणि पणजीला आझाद मैदानाजवळच्या उद्योग भवनात गेले. उद्योग संचालनालय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर होंड्याची आणि पिसुर्ल्याची औद्योगिक वसाहत उभी होती. म्हणजे प्लॉट घ्यावा लागणार, शेड बांधावी लागणार, आपलं हे काम नव्हे, असं मनाशी धरूनच जिना चढले. तिथल्या एका बाईंनी मला बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "घरी करता ना? मग प्लॉट कशाला?"

मग त्यांनी एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर मला चौकोन काढून दिले. तो कागद अजून माझ्या फायलीत पहिला आहे. वसाहतीतला प्लॉट देतं ते औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आयडीसी. कर्ज देणारं आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ईडीसी, ते वेगळं. खाण्याच्या वस्तूला नंबर देतं अन्न आणि औषध प्रशासन. पाकिटावरचं वजन आणि छापील किंमत बघतं वजनमाप खातं. माल परदेशी न्यायचा तर विदेश व्यापार महासंचालनालय. आणि घरात धंदा करायला हरकत नाही हे सांगते आपली पंचायत. "यातले काही तुम्हाला हात देणारे आहेत, काही तुमच्यावर नजर ठेवणारे. दोघांकडेही जावं लागतं. पण सगळ्यात पहिलं उद्यम काढा, ते फुकट आहे."

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे. आधार, पॅन आणि फोनवर येणारा ओटीपी, एवढ्यावर होते, एकही कागद चढवावा लागत नाही. इथे एक सावधगिरी: गुगलवर शोधलंत तर वरच्या दोन-तीन साइट हुबेहूब सरकारी दिसतात आणि शेवटी दीड-दोन हजार मागतात. पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' वर संपतो की नाही ते बघा. पैसे मागितले की ती साइट बंद करा.

मी घरी येऊन रात्री बसले. आधारचा टप्पा झाला. पॅनच्या टप्प्यावर नाव जुळत नाही म्हणून तीनदा अडलं. चौथ्यांदा मी कपाटातून पॅनकार्ड काढून नीट वाचलं आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की माझं आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिलं गेलंय. आधारवर जी-ए-डब्ल्यू-ए-एस. पॅनवर जी-ए-यू-एन-एस. मराठीत दोन्ही गावसच. आमच्या भागात हे घरोघरी आहे. कोणी शाळेत जे लिहिलं ते, कोणी पोर्तुगीज काळातल्या कागदावर होतं ते.

पॅनच्या रकान्यात पॅनवरचं नाव टाकून पुढे जाता आलं असतं. पण उद्योग भवनातल्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "आज जाल पुढे, पण बँकेत अडकाल. आत्ताच एक करून घ्या." पॅन दुरुस्तीला १०७ रुपये लागले. १७ ऑक्टोबरला अर्ज केला, दिवाळी मधे आली, नवं कार्ड ४ नोव्हेंबरला पोस्टमनने आणून दिलं. ६ नोव्हेंबरला उद्यम वीस मिनिटांत झालं. हे वीस मिनिटांचं काम मला तीन आठवड्यांना पडलं, पण तो सल्ला लाखाचा होता.

एक चूक मात्र तेव्हाच करून ठेवली. उद्यममध्ये तुम्ही काय करता त्याचा पाच आकडी कोड निवडावा लागतो. फळं-भाज्या उन्हात वाळवणं, १०३०१. मला इतका आनंद झाला, की आपल्या अंगणातल्या वाळवणालासुद्धा दिल्लीत नंबर आहे! तो टिचकवला आणि मोकळी झाले. त्याच्याच खाली १०३०२ होता, यंत्राने वाळवणं. तो घेतला नाही. त्याची किंमत पुढे सांगते.

आता पंचायत. ११ नोव्हेंबरला घरातल्या घरात हा व्यवसाय करायला ना हरकत दाखला मागणारा अर्ज दिला. सचिवांनी घरपट्टीची पावती बघितली आणि मान वर केली. "हे घर कोणाच्या नावावर?" घर आमच्या ह्यांच्या आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. वाटणीची इन्व्हेंटरी कधी झालीच नाही, कारण भांडण नाही आणि भांडण नसलं की गोव्यात कोणी कोर्टात जात नाही. वर त्या पावतीवर आडनाव तिसऱ्याच तऱ्हेने, जी-ए-ओ-एस.

म्हणजे मी ज्या घरात राहते, स्वयंपाक करते, चवथीला गणपती बसवते, त्या घरात सोलं वाळवायला सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. सासरे नाहीत, सासूबाई आहेत. दोन चुलत सासरे, एक ताळगावात, एक मुंबईत गिरगावात. आणि आपल्याकडच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे काकांबरोबर काकूंचीही सही. गिरगावच्या काकू पोस्टाने आलेल्या कागदावर सही करायला तयार, पण आधी फोनवर अर्धा तास विचारत होत्या की यातून घर विकायचा डाव तर नाही ना. त्यांचं काही चुकलं नाही. कागद इंग्रजीत होता, त्यांना कसा कळणार? मी त्याच मजकुराचं मराठी पान करून सोबत पाठवलं आणि मग चार दिवसांत सही आली. तुम्हाला नातेवाइकांच्या सह्या लागणार असतील तर हे पहिल्याच दिवशी करा.

ताळगावच्या काकांकडे गेले तो दिवस वेगळाच गेला. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबरपासून सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाची गर्दी सुरू झालेली. बस इंच इंच सरकत होती. मांडीवर फाइल, शेजारी पंढरपूरच्या वारीला जावं तशी गाठोडी घेतलेली वेंगुर्ल्याकडची ख्रिस्ती कुटुंबं. काका जेवायला वाढूनच बसले होते. सही दोन सेकंदांची, पण अख्खा दिवस गेला.

तिन्ही आडनावं म्हणजे एकच कुटुंब, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं, तीनशे रुपये. ते एकदाच करू नका, तीन मूळ प्रती करून घ्या. मी एकच केली आणि ती पंचायतीत जमा झाल्यावर बँकेसाठी पुन्हा तीनशे मोजले.

पंचायतीची बैठक पंधरा दिवसांनी असते. पहिल्या बैठकीला पुरेसे पंच जमले नाहीत. दुसरीला माझा विषय यादीत शेवटी होता, तो पुढच्या वेळेवर गेला. या मधल्या काळात आरोग्य केंद्राचे निरीक्षक घरी येऊन गेले. मी भांडी घासून-पुसून, जमीन सारवून तयार. त्यांनी भांडी बघितलीच नाहीत. विहिरीला झाकण आहे का, खिडकीला जाळी आहे का, सांडपाणी कुठे जातं आणि काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी झालीय का, एवढे चार प्रश्न. जाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी वाळपईहून मीटरवर जाळी आणून ह्यांनी रविवारी ठोकली, फोटो पाठवला, दाखला मिळाला. पंचायतीचा ठराव २३ डिसेंबरला झाला आणि कागद २७ ला हातात पडला. तक्रार नाही, पण सांगून ठेवते: अर्ज देताना इनवर्ड नंबरचा शिक्का आपल्या झेरॉक्सवर मारून घ्या. पुढच्या वेळी "कुठला अर्ज?" असं कोणी विचारलं की तो शिक्काच बोलतो.

अन्नसुरक्षेच्या नोंदणीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तीच सगळ्यात सोपी निघाली. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर तेव्हा परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. अर्ज फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर. मला वाटत होतं की पंचायतीचा कागद आल्याशिवाय इथे हात घालता येणार नाही, म्हणून डिसेंबरभर थांबले. अर्ज उघडल्यावर कळलं की फोटो, ओळखपत्र आणि जागेचा कागद, एवढंच मुख्य. म्हणजे दोन्ही कामं एकत्र चालू ठेवता आली असती आणि एक महिना वाचला असता.

२ जानेवारीला अर्ज केला. ७ तारखेला तो परत आला, कारण पत्त्यात मी घर क्रमांकच घातला नव्हता. दुरुस्त करून पाठवला. पुढच्या आठवड्यात सासूबाईंना बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवायचं होतं, त्यांची ओपीडी होईपर्यंत मी समोर होली क्रॉसच्या कपेलाजवळच्या 'धन्वंतरी' इमारतीत अन्न आणि औषध प्रशासनात जाऊन एक शंका विचारून आले: आगळ हे सरबत धरायचं की फळाचा पदार्थ? तिथल्या अधिकाऱ्यांनी हसत मलाच विचारलं, "तुम्ही ते पाण्यात घालून पिता की कढीत घालता?" म्हटलं दोन्ही. सध्या फक्त सोलं घाला, आगळाचं बाटलीत भरताना ठरवू, असं ठरलं. १६ जानेवारीला चौदा आकडी नंबर मेलवर आला. मी तो एका दमात पाठ केला. का, ते विचारू नका.

नंबर आला म्हणून लगेच लेबलं छापायला टाकली. इथे माझी सगळ्यात महागडी चूक. म्हापशाच्या छापखान्यात पाचशे लेबलं, चांगली रंगीत, साडेअठराशे रुपये. वर कोकमाचं चित्र, खाली वजन. वजन लिहिलं होतं दोनशे 'जीएमएस'.

फेब्रुवारीत वजनमाप खात्यात काट्यावर शिक्का मारून घ्यायला गेले, तेव्हा सोबत पाकीटही दाखवायला नेलं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी करावी लागते, नवीन काटा घेताना दुकानदाराकडून शिक्क्याचा दाखला मागून घ्यायचा असतो. निरीक्षकांनी काटा तपासला, शिक्का मारला आणि मग पाकिटावर बोट ठेवलं. ग्रॅमसाठी फक्त 'जी'. 'जीएम' नाही, 'जीएमएस' तर नाहीच. मग बोट खाली सरकलं. कमाल किरकोळ किंमत आहे, पण 'सर्व करांसहित' हे शब्द नाहीत. एका ग्रॅमला किती पैसे पडतात तो दर नाही, तो आता किमतीसोबत द्यावा लागतो. ग्राहकाने तक्रार कुठे करायची तो फोन आणि ईमेल नाही. पॅक केल्याचा महिना-वर्ष आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्याच सासूबाईंना वाचता येईना. हिरवा ठिपका मात्र बरोबर होता.

पाचशे लेबलं घरी कपाटात पडून आहेत. मुलगी त्यांच्या मागच्या बाजूवर गणितं सोडवते. माझी विनंती एवढीच, की लेबल छापायच्या आधी त्याची साधी झेरॉक्स काढा आणि वजनमापवाल्यांना दाखवा. ते सांगतात, हसतमुखाने सांगतात, फक्त आधी विचारलं पाहिजे. पाकीटबंद माल भरणाऱ्याने स्वतःची नोंदणीही याच खात्यात करायची असते, पाचशे रुपये फी, पॅकिंग सुरू केल्यापासून नव्वद दिवसांच्या आत.

आता पैशांची गोष्ट. मला ड्रायर घ्यायचा होता, कारण अंगणातल्या उन्हावर किती दिवस विसंबायचं? केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आहे, २०२० सालची, सगळे तिला पीएमएफएमई म्हणतात. प्रकल्पाच्या खर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. आपले निदान दहा टक्के, बाकीचं बँकेचं कर्ज. बचत गटातल्या बायकांसाठी यातच चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवलही आहे. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून माणूस नेमलेला असतो. त्याचं मानधन योजनेतून मिळतं, आपण काही द्यायचं नाही. आमच्याकडे आलेला मुलगा फार चांगला होता, घरी येऊन झाडं मोजून गेला.

माझा हिशेब असा: ड्रायर, पाकीट सील करायचं यंत्र, स्टीलची दोन टेबलं आणि पातेली मिळून २ लाख ४० हजार. माझे २४ हजार. कर्ज २ लाख १६ हजार. अनुदान ८४ हजार. पण हे ८४ हजार हातात येत नाहीत, हे नीट समजून घ्या. ते बँकेत तुमच्या नावच्या वेगळ्या खात्यात तीन वर्षं पडून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि कर्ज नीट फेडत राहिलात तर शेवटी त्यात वळते होतात. माझ्या जावेला वाटलं होतं की चेक येणार, तिने त्यातून फ्रिजसुद्धा ठरवून ठेवला होता.

२० जानेवारीला पोर्टलवर अर्ज गेला, फेब्रुवारीत बँकेकडे आला. बँकेचं नाव घेत नाही. मॅनेजर बदलून गेले, नवे आले, फाइल पुन्हा पहिल्यापासून. माझा सिबिल स्कोअर उणे एक आला तेव्हा मला रडूच आलं. मग काउंटरवरच्या मुलीने समजावलं, उणे एक म्हणजे वाईट नव्हे, तुम्ही आजवर कर्जच घेतलेलं नाही म्हणून इतिहास नाही. पुढे शिगमा, मग मार्च अखेर. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात बँकेत फाइल घेऊन जाऊ नका, त्या लोकांचे डोळे बघूनच परत यावंसं वाटतं.

आणि तिथेच १०३०२ ने गाठलं. "तुमच्या उद्यमवर उन्हात वाळवणं आहे. कर्ज मागताय यंत्राचं." खरंच होतं. उद्यममध्ये दुरुस्ती फुकटच आहे, घरी जाऊन केली, नवं प्रमाणपत्र छापून नेलं, पण त्या फेरीत आठवडा गेला. पॅनवरचं आडनाव मात्र आधारशी जुळत होतं. त्या टेबलावर माझ्या आधी बसलेल्या माणसाला त्याच कारणासाठी परत पाठवलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. कर्ज ९ एप्रिलला मंजूर झालं. पैसे बँक थेट विक्रेत्याला देते, म्हणून दरपत्रकावर त्याचा जीएसटी नंबर आणि बँक खातं असू द्या.

जीएसटीचं मीही एका सीएकडे बसून समजून घेतलं, दीड हजार फी दिली. गोव्यात फक्त माल विकणाऱ्याला चाळीस लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. पण माल राज्याबाहेर पाठवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि आपल्याला राज्याबाहेर म्हणजे काय, पत्रादेवी ओलांडली की बांदा! माझी आतेबहीण बांद्याला दुकान चालवते, ती वीस किलो घ्यायला तयार होती. सोपी कंपोझिशन योजना घ्यावी तर तिच्यात राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. यंदा तरी गोव्याबाहेर काही पाठवायचं नाही असं मी ठरवलं. बहीण मे महिन्यात स्वतःच येऊन तिच्या घरापुरती चार किलो घेऊन गेली.

त्याच सीएने आणखी एक गंमत सांगितली. गोव्यात नागरी कायद्यामुळे प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५ए प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं धरतात. म्हणजे माझ्या सोलांच्या नफ्यातला अर्धा ह्यांच्या रिटर्नमध्ये जाणार. हे ऐकल्यापासून आमचे हे रोज विचारतात, "माझा अर्धा झाला का?" मी म्हणते, अर्धी भिंडां फोडा मग सांगते.

नणंदेचा मुलगा दुबईला असतो, त्याने तिकडे पाठवायचं डोक्यात घातलं होतं. त्यासाठी आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पाचशे रुपये फी, नंबर म्हणजे आपला पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो पुन्हा तपासून कायम करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. कोकम हे मसाला मंडळाच्या बावन्न मसाल्यांच्या यादीत आहे, हे मला तेव्हाच कळलं. त्यामुळे निर्यातीला त्या मंडळाची नोंदणीही हवी. ट्रेडमार्कसुद्धा असाच बाजूला ठेवलाय, माझ्यासारख्या एकट्या माणसाला साडेचार हजार. पुढच्या वर्षी बघू.

ड्रायर १४ मेला आला. बोळात टेंपो शिरेना, चौघांनी उचलून आणला. सासूबाई दोन दिवस त्याच्याकडे बघायला तयार नव्हत्या, अंगणातली त्यांची चटई अंथरलेलीच. मग २०२५ चा तो पाऊस. २० मेपासूनच कोसळायला लागला. मान्सून २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी गोव्यात, अजून जून उजाडायचा होता. आमच्याकडे निम्मी भिंडां झाडावर आणि दोन टोपल्या साली चटईवर. रविवारी रात्री आम्ही दोघींनी त्या ओल्या साली उचलून एकेक ट्रेवर पसरल्या. एका वेळी वीस किलो बसतात. अंगणात ज्याला आठवडा लागतो ते रात्रभरात होत होतं. सोमवारी दुपारी वीज गेली, पाच तास. सासूबाई ड्रायरच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या, मधून मधून दार उघडून वास घ्यायच्या. वीज आली तेव्हा मला म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय, ह्या पेटीत रस सुटत नाही तेवढा." त्यांचं बरोबर होतं. पुढच्या घाण्याला मीठ वाढवलं. झाडावरची बरीच फळं मात्र गळून कुजली, त्यांना ड्रायर काय करणार.

ड्रायर आणि सगळं सामान सोडून, म्हणजे फी, नोटरी, पॅन, लेबलं दोनदा, सीए, जाळी, बसभाडं मिळून माझे सात हजार शंभर गेले. त्यातले अडीच हजार तरी माझ्याच चुकांचे. पणजीच्या फेऱ्या अकरा.

परवा त्या दुकानदाराकडे गेले. त्याने पाकीट घेतलं, यावेळी वास न घेता आधी पाठ बघितली, चौदा आकडे बोटाने मोजले, 'जी' बघितला आणि फळीवर मीठ आणि चिंचेच्या मधे जागा केली. मग गल्ल्यातून चेकबुक काढून चेक लिहून दिला. मी पायऱ्या उतरल्यावर वाचला. जी-ए-ओ-एन-के-ए-आर. मी पुन्हा वर चढले आणि म्हटलं, गुगल पे करा.